३८ फुटी डोलकाठी मुंबईहून पैठणला कशी आणावी

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे: तिघा मित्रांनी मुंबईत एक जुनी अठ्ठावीस फुटी शिडाची नौका घेतली आहे आणि ती पैठणच्या धरणाच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, घालायची आहे. नौकेचे धड एक वाहतूकदार आपल्या ट्रेलरवरून आणणार आहे, पण ३८ फुटांची अॅल्युमिनियमची डोलकाठी न्यायला त्याने नकार दिला आहे. म्हणून गावातल्या पिकअपच्या मागे दोन चाकी ट्रेलर जोडून, डोलकाठीचे पुढचे टोक पिकअपच्या टपावरील कॅरिअरला आणि मागचा भाग ट्रेलरला बांधून, जानेवारीत ती आणावी असा आपला बेत आहे. दोर कोणता वापरावा, किती ठिकाणी बांधावे आणि थंडीत रात्रीचा प्रवास सोयीचा पडेल का, हे आपले तीन प्रश्न आहेत.

मी गेली बावीस वर्षे छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजमधून लांब मालाची वाहतूक करतो. पाइप, उंच दिव्यांचे खांब, ध्वजस्तंभ, पवनचक्क्यांचे सुटे भाग असा हा माल असतो. शिडाच्या नौकांच्या डोलकाठ्या मात्र मी आजवर तीनदाच आणल्या आहेत आणि त्यांपैकी पहिली खराब केली आहे. तेव्हा हे उत्तर त्या खर्चिक शिक्षणातून आलेले आहे, असे समजून वाचावे.

दोराचा प्रश्न दुय्यम आहे. डोलकाठी कशावर टेकते आणि ती जिथे जिथे टेकते त्या जागा प्रवासात एकमेकींच्या संदर्भात हलतात का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या बेतात त्या हलतात, आणि थोड्याथोडक्या नव्हे. समजा टपावरचा आधार पिकअप आणि ट्रेलर जोडणाऱ्या खिळीपासून ११ फूट पुढे आहे आणि ट्रेलरवरचा आधार खिळीपासून १० फूट मागे. सरळ रस्त्यावर दोन आधारांमधले अंतर २१ फूट राहते. गाडी काटकोनात वळली की तेच अंतर साधारण १५ फुटांवर येते. मधले सहा फूट कुठे जाणार? एक तर बांधलेले सुटेल, नाही तर कॅरिअर उखडेल, नाही तर डोलकाठी वाकेल. गतिरोधकावरून पिकअप उतरत असताना ट्रेलर अजून चढत असतो, त्या क्षणी जे होते ते आणखी वेगळे. लांब लाकडाचे ओंडके वाहणारे लोक हाच प्रश्न एका बाजूला फिरता आधार देऊन आणि दुसऱ्या बाजूला सरकायला जागा ठेवून सोडवतात, परंतु ओंडका ओरखडे आणि हिसके सहन करतो. पातळ पत्र्याची पोकळ नळी ते करीत नाही.

माझी पहिली डोलकाठी अशीच गेली. ती मी ट्रकवर टाकली होती, पुढचे टोक केबिनमागच्या फळीवर, मागचे टोक फाळक्यावर आणि मध्ये एक लाकडी ठोकळा. ठोकळ्यावर बेल्ट इतका आवळला होता की बोटही शिरू नये, आणि त्या वेळी मला ते चांगल्या कामाचे लक्षण वाटले होते. चार तास खराब रस्त्यावर ट्रकचा सांगाडा पिळवटत राहिला, पुढची फळी एकीकडे झुकली की फाळका दुसरीकडे, आणि मधला आवळलेला ठोकळा डोलकाठीला दोन्हींबरोबर जाऊ देईना. उतरवल्यावर ठोकळ्याच्या जागी पोचा पडलेला दिसला. तो बोटाच्या पेरापेक्षा मोठा नव्हता. पण पातळ नळीला पोचा पडला म्हणजे त्या जागी तिची ताकद संपली, कारण पुढे शिडाचा भार आला की नळी नेमकी तिथेच दुमडते. मालकाने ती डोलकाठी पुन्हा उभी केली नाही.

म्हणून आता मी डोलकाठी गाडीला बांधतच नाही. आधी तिच्यासाठी चौकोनी पाइपची एक लांब शिडी करून घेतो, डोलकाठी त्या शिडीला बांधतो आणि मग शिडी गाडीवर ठेवतो. शिडी ताठ असते, त्यामुळे तिच्यावरचे सगळे आधार एकत्र हलतात आणि पिळवटण्याचे काम डोलकाठीपर्यंत पोहोचत नाही. कोणताही फॅब्रिकेशनवाला अशी शिडी एका दिवसात वेल्ड करून देतो. काम झाल्यावर तिचा पाइप वाया जात नाही, माझ्या दुसऱ्या शिडीवर आज शेजाऱ्यांच्या गोठ्याचे पत्रे आहेत.

शिडी करणे खरेच शक्य नसेल आणि डोलकाठी दोनच आधारांवर ठेवायची असेल, तर ते आधार टोकांना देऊ नयेत. प्रत्येक टोकापासून लांबीच्या एक पंचमांश आत द्यावेत, म्हणजे ३८ फुटांच्या काठीला दोन्हीकडून साधारण साडेसात फूट आत. एकसारख्या जाडीची नळी टोकांवर टेकवली तर मधोमध स्वतःच्या वजनाने जो वाकवणारा ताण येतो, त्याचा पाचवा हिस्साच या जागी आधार दिल्यावर उरतो. हा हिशेब गाडी उभी असतानाचा आहे. खड्ड्यात तो ताण किती पट होतो हे गाडीच्या पाट्यांवर, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगवर, आणि चालकाच्या पायावर अवलंबून असते, पण प्रमाण तेच राहते. दोनऐवजी तीन आधार दिले की अधिक सुरक्षित, असे मनात येते. ताठ शिडीवर ते खरे आहे, तिच्यावर मी पाच आधार देतो. गाडीच्या नुसत्या सांगाड्यावर मात्र तिसरा आधार माझ्या ठोकळ्यासारखा घातक ठरू शकतो.

आता गाडी. ४० फुटी फ्लॅटबेड, म्हणजे सपाट उघड्या तळाचा, ट्रेलर म्हणजे १२.१९ मीटर, आणि आपली डोलकाठी ११.५८ मीटर. ती पूर्ण आत बसते, मागे काहीही बाहेर येत नाही. याला मी फार महत्त्व देतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मर्यादेबाहेर माल काढून गाडी चालवल्यास २० हजार रुपये दंड आहे, शिवाय तो माल उतरवण्याचा खर्च वाहनाकडूनच वसूल होतो. घाटाच्या तोंडाशी उभे राहून ३८ फुटी नळी उतरवण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. ३२ फुटी गाडीत तिरकी घालून चालेल का, असे काही जण विचारतात. गणित करून पाहावे: ९.७५ मीटर लांबीत ११.५८ मीटरची काठी तिरकी बसवायची तर एक टोक दुसऱ्यापेक्षा सव्वासहा मीटर उंच करावे लागेल. गावातल्या विजेच्या तारा त्याच्या आधीच भेटतील.

पण ४० फुटी ट्रेलर घेताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते आणि ती मालवाहतुकीबाहेरच्या माणसाला सहसा सुचत नाही. त्या गाडीचे पाटे पंचवीस-तीस टन माल गृहीत धरून बसवलेले असतात. तिच्यावर, उभी धरणाऱ्या तारांसह सत्तर किलोची डोलकाठी टाकली म्हणजे गाडी रिकामीच झाली, आणि रिकामा ट्रेलर कसा आदळतो हे ज्याने मागून पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. म्हणून मी स्वतंत्र रिकामी गाडी करीत नाही. मुंबईच्या बाजूने वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांसाठी लोखंड घेऊन येणारे ट्रेलर नेहमी असतात. त्यांच्यापैकी अर्धी-पाऊण भरलेली गाडी शोधावी आणि तिच्या एका कडेला शिडीपुरती जागा मागावी. पाटे दबलेले असतात, गाडी डुलत येते, आदळत नाही, आणि भाडेही वाटले जाते. अट दोन गोष्टींची घालावी: लोखंड सरकून शिडीवर येणार नाही असे अडसर लावलेले असावेत, आणि कारखान्यात क्रेनने लोखंड उतरवण्याआधी आपली शिडी उतरवली जावी. दुसरी अट कागदावर लिहून घ्यावी. चालकाला उतरवून घेण्याची घाई असते आणि क्रेनच्या हुकाला डोलकाठी दिसत नाही.

नाही म्हणायला लहान गाडीचा बेत एका परिस्थितीत चालू शकतो. डोलकाठी दोन तुकड्यांची असेल, म्हणजे मधल्या जोडावर निघत असेल, तर प्रत्येक तुकडा १९ फुटांच्या आसपास राहील आणि २० फुटी बंद गाडीत तो सरळ जाईल. लहान नौकांमध्ये अशा डोलकाठ्या असतात. अठ्ठावीस फुटी नौकेत ती बहुधा अखंड असेल, तरी एकदा पाहून घ्यावे. जोड रिव्हेट मारून कायमचा केलेला असेल तर मात्र वाहतुकीसाठी तो सोडवू नये.

डोलकाठी उतरवण्यापूर्वीचे काम प्रवासाइतकेच महत्त्वाचे आहे. तारांचा ताण कमी-जास्त करणाऱ्या टर्नबकलवर आत्ता किती आटे दिसतात त्याची खूण चिकटपट्टीने करावी, प्रत्येक तारेला डावी-उजवी, वरची-खालची अशी चिठ्ठी लावावी आणि मोबाइलवर फोटो काढावेत. वरच्या टोकाचा दिवा, वाऱ्याची दिशा दाखवणारा काटा आणि अँटेना काढून वेगळे ठेवावेत. मधल्या आडव्या काड्या, म्हणजे स्प्रेडर, निघत असतील तर काढाव्यात. खाऱ्या हवेत वर्षानुवर्षे राहिलेला स्टेनलेस स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये धरून बसतो, त्यामुळे दोन-तीन दिवस आधीपासून तेल सोडत राहावे आणि तरीही निघाला नाही तर हातोडा न उचलता स्प्रेडर तसेच ठेवावेत. तशा वेळी शिडीची मांडणी बदलावी लागते, स्प्रेडरची टोके गाडीच्या रुंदीच्या आत राहतात ना हे मोजावे लागते आणि त्यांच्या मुळाशी कोणताही बेल्ट येऊ द्यायचा नसतो.

शिडीवर काठी पुढच्या कडेवर ठेवावी, म्हणजे शिडाची कड ज्या खाचेत सरकते ती खाच वरच्या बाजूला येईल. नळीचा आडवा छेद लंबगोल असल्यामुळे ती याच बाजूने अधिक ताठ असते, आणि खाचेच्या नाजूक ओठांवर भारही पडत नाही. खाचेवर चिकटपट्टी लावून घ्यावी, नाही तर पैठणला पोहोचेपर्यंत ती धुळीने भरेल. आधारांचे ठोकळे काठीच्या आकारात कोरून त्यांवर जुन्या सतरंजीचे किंवा गालिच्याचे तुकडे ठोकावेत. तारा काठीलगत सरळ करून दर तीन-चार फुटांवर कापडी पट्टीने बांधाव्यात आणि तारा व काठी यांच्यामध्ये कापड घालावे. सुटी तार काठीवर दिवसभर आपटली तर काठीवरचा थर खरवडला जातो, आणि मागच्या गाडीवाल्याच्या ते कधीच लक्षात येत नाही.

दोराविषयी आपण विचारले होते, ते आता. पॉलिस्टरचे रॅचेट बेल्ट, म्हणजे दात्यांच्या कडीने आवळायचे पट्टे, घ्यावेत. ट्रकवाल्यांकडचे ताग किंवा काथ्याचे दोरखंड मला स्वतःला आवडतात, गाठ मारायला हाताला बरे लागतात, पण हिवाळ्यात ते फसवतात. पहाटेच्या दवाने भिजले की आखडतात आणि अकराच्या उन्हात सुकले की सैल पडतात. सकाळी घट्ट वाटलेली बांधणी दुपारी लोंबत असते. नायलॉन याच्या उलट वागतो, ओला झाला की जास्त ताणतो. पॉलिस्टर या दोन्हींपेक्षा स्थिर राहते. बेल्टला एखादा पीळ देऊन बांधावे, म्हणजे तो वाऱ्यात भोंग्यासारखा वाजत नाही. बेल्ट फक्त आधारांच्या ठोकळ्यांवरच यावेत, दोन ठोकळ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत कधीही येऊ नयेत. शिडी मात्र गाडीला जितकी आवळता येईल तितकी आवळावी.

आपल्या भागातल्या हिवाळ्यात पहाटे आठ-दहा अंश असतात आणि दुपारी तीस. या वीस अंशांच्या फरकात साडेअकरा मीटरची अॅल्युमिनियमची काठी साधारण पाच मिलिमीटर वाढते, लोखंडी शिडी त्याच्या निम्मी. फरक अडीच मिलिमीटरचा, पण दोन्ही टोके बोल्टने जखडली असतील तर तो कुठे तरी जाच करणारच. म्हणून एकच आधार पक्का धरावा, माझ्या पद्धतीत तो बुडाकडचा, आणि बाकीच्यांवर बेल्ट काठी उसळू देणार नाही पण लांबीच्या दिशेने केसभर सरकू देईल इतपतच ओढावा.

थंड देशांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते डोलकाठीला लागू नये म्हणून ती संपूर्ण गुंडाळतात, हे इंटरनेटवर वाचून आपल्यापैकी एकाने प्लॅस्टिकचा मोठा रोल घेतल्याचे आपण लिहिले आहे. आपल्या रस्त्यांवर मीठ नाही, मात्र आपल्या काठीवर समुद्राचे मीठ आधीच बसलेले आहे. ते तसेच प्लॅस्टिकमध्ये बंद केले, त्यावर रात्री दव साचले, आणि काठी धरणाकाठी महिनाभर गुंडाळलेलीच पडून राहिली, तर उघडल्यावर पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसतील. आधी गोड्या पाण्याने काठी आतून-बाहेरून धुवावी, उन्हात सुकवावी आणि नंतरच प्लॅस्टिक लावावे, तेही दोन्ही टोके उघडी ठेवून. पोहोचल्याबरोबर ते काढावे.

रात्रीच्या प्रवासाला माझे उत्तर ठाम नकाराचे आहे, मात्र एका अपवादासह. मुंबई शहरात अवजड वाहनांवर ठरावीक वेळांची बंदी असते, त्यामुळे काठी चढवून शहराबाहेर पडण्याचे काम रात्रीच करावे लागेल. तेवढे करावे, भिवंडी-पडघ्याच्या बाजूला गाडी लावून झोपावे आणि उजाडल्यावर निघावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून कसारा घाटाची वळणे टाळता येतात, आणि लांब मालाला ही मोठी सोय झाली आहे. सिमेंटच्या त्या सपाट रस्त्यावर अवजड वाहनांना ८० ची मर्यादा आहे. चालकाला साठच्या पुढे जाऊ नये असे सांगावे आणि दर दीड तासाने खाली उतरून बेल्ट तपासायला लावावे, त्यामुळे बेल्टही पाहिले जातात आणि त्या एकसुरी रस्त्यावर डोळाही लागत नाही. पहिली तपासणी मात्र निघाल्यानंतर वीस किलोमीटरच्या आत व्हायला हवी, कारण गालिचे आणि ठोकळे तेवढ्यातच दबून बसतात. टायरची हवा सकाळी थंड असतानाच मोजावी. दुपारी तापलेल्या टायरचा आकडा जास्त दिसतो म्हणून हवा सोडली की दुसऱ्या पहाटे ती कमी भरते.

माझ्या मते या प्रवासातला सर्वांत अवघड भाग शेवटचे पन्नास किलोमीटर आहेत, म्हणजे छत्रपती संभाजीनगर ते बिडकीन आणि पुढे पैठण. जानेवारीत गाळप हंगाम भरात असतो. डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या अंधारात निघतात, बऱ्याच वेळा मागे दिवाही नसतो आणि रिफ्लेक्टर उसाच्या वाढ्याखाली झाकलेला असतो. त्यात कापसाच्या फुगलेल्या गाड्या. पहाटे गोदाकाठाला आणि जलाशयाच्या बाजूला धुके धरते, ते काही वेळा आठपर्यंत हटत नाही. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा हा टप्पा सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच यांच्या दरम्यानच उरकेल असा हिशेब ठेवावा, आणि समृद्धीवरून उतरायला चार वाजून गेले तर गाडी माळीवाड्याच्या किंवा वाळूजच्या बाजूला लावून मुक्काम करावा. भाड्यात एक दिवस वाढेल, तो वाढू द्यावा. लोखंडाचा ट्रेलर वाळूजलाच थांबणार असल्याने पुढे आपल्याला दुसरी लांब गाडी लागेल, तीही ४० फुटीच करावी. एवढ्या थोड्या अंतरासाठी ट्रॅक्टर ट्रॉली पुरेल असे कुणी तरी सुचवेलच, कारण ती दारात उभी असते, पण ते ऐकू नये.

उतरवताना क्रेनची गरज नाही. सहा माणसे पुरतात, फक्त त्यांनी टोकांना न धरता आधारांच्या जागी, म्हणजे दोन्हीकडून पंचमांश आत, तिघे-तिघे उभे राहून खांद्यावर घ्यावी आणि पालखीसारखी पावले जुळवून चालावे. पुढे एक मोकळा माणूस असावा, त्याने फक्त वर पाहायचे. हे मी अतिशय गंभीरपणे सांगतो आहे. काठावरच्या शेतांमध्ये पंपांसाठी ओढलेल्या विजेच्या तारा अनेक ठिकाणी लोंबलेल्या असतात, काठी अॅल्युमिनियमची आहे, आणि ती आडवी असताना जी तार दूर वाटते ती काठी उभी करताना जवळ येते. नौकेवर काठी चढवण्याची जागा आदल्या दिवशी दिवसाउजेडी पाहावी आणि तिच्या उंचीच्या दुप्पट अंतरात एकही तार नसेल अशीच निवडावी. नाथसागर हे पक्षी अभयारण्य आहे, हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी तिथेच असतात, त्यामुळे नौका पाण्यात घालण्याची वन आणि जलसंपदा या दोन्ही विभागांची परवानगी हातात आल्यावरच काठी मुंबईहून हलवावी. ती मुंबईच्या शेडमध्ये आडवी पडून राहणे परवडते, धरणाकाठी उघड्यावर परवडत नाही.

शिडीचे माप सांगण्यासाठी मला आपल्याकडून चार गोष्टी हव्या आहेत: काठी अखंड आहे की जोडाची, नळीच्या छेदाची लांबी-रुंदी, बुडापासून प्रत्येक स्प्रेडर किती फुटांवर आहे, आणि स्प्रेडरचे बोल्ट फिरतात का. शक्य असल्यास काठीच्या बुडाच्या टोकाला एक वर्तमानपत्र लावून छेदाचा आकार पेन्सिलने काढून त्याचा फोटो टाकावा. त्यावरून ठोकळे कोरण्याचा नमुना आणि पाच आधारांच्या जागा मी आपल्याला आखून देईन.